पंच नाही? मग मॅच होते कशी!

सोमवार ते शुक्रवार बॉसच्या मर्जीशिवाय पान हलत नाही. रविवारी सकाळी अल्टिमेट फ्रिझबीच्या ग्राउंडवर मात्र पंचसुद्धा नसतो! न्यू जर्सीतल्या शाळकरी पोरांनी १९६८ मध्ये काढलेला हा खेळ. एका टीममध्ये ७ जण, आमच्या लीगमध्ये मुलं-मुली एकत्र. १७५ ग्रॅमची डिस्क हातात असताना पळायचं नाही. समोरचा मोठ्याने १० पर्यंत मोजायच्या आत फेकायची. एंड झोनमध्ये झेलली की पॉइंट. फाउल खेळाडूंनीच सांगायचा, भांडण त्यांनीच मिटवायचं. (सोसायटीच्या मीटिंगमध्ये करून बघा!)

परवा स्कोअर होता १२-१२. पुढचा पॉइंट ज्यांचा, मॅच त्यांची. समोरच्या टीममधल्या एका नवख्या मुलाने एंड झोनमध्ये मस्त डाइव्ह मारली. त्यांचा जल्लोष सुरू, आमचे चेहरे पडलेले. तो उठला, ढोपराची माती झटकली आणि म्हणाला, ‘‘आधी जमिनीला टेकली यार.’’ आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं! टेकली म्हणजे डिस्क आमची. चार पासमध्ये आम्ही जिंकलोसुद्धा.

नंतर दोन्ही टीम खांद्यावर हात टाकून गोल उभ्या राहिल्या. त्याच्या कॅप्टनने त्याला एक टपली मारली. कौतुकाची की रागाची, ते मला अजून कळलेलं नाही.