पूर, पंचनामा आणि भूमिहीन

2014 ते 2018 या काळात भारत, बांगलादेश, घाना व ब्रिटनमधील संशोधकांनी ‘डेक्मा’ प्रकल्पात महानदी, गंगा-ब्रह्मपुत्रा आणि व्होल्टा यांच्या त्रिभुज प्रदेशांतील स्थलांतर अभ्यासले. स्थलांतर हाही हवामानबदलाला तोंड देण्याचा एक मार्ग, ही मांडणी मला निम्मीच पटते.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली; धोक्याची पातळी 45. पिकांचे पंचनामे सातबाऱ्यावर झाले, व्हायलाच हवेत. पण ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्याची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची? माझे वडील दुसऱ्याच्या उसात राबले, म्हणून विचारतो.

माण-जतचा मजूर दुष्काळाने बाहेर पडतो. मुकादमाची उचल फिटेपर्यंत त्याला परतताही येत नाही. याला मार्ग म्हणायचे?