वाळवंटातील काच : ताप, ताण आणि विवेक

काच ही वाळूची लेक आहे. पण तिचा खरा कस लागतो तो माहेरीच. इजिप्त आणि लिबिया यांच्या सीमेवरील वाळवंटात पिवळसर रंगाचे नैसर्गिक काचेचे तुकडे विखुरलेले आढळतात. सुमारे 2 कोटी 90 लक्ष वर्षांपूर्वी उल्कापातातून निर्माण झालेल्या प्रचंड उष्णतेने तेथील वाळू वितळली आणि ही काच तयार झाली, असे शास्त्रज्ञ मानतात. तुतनखामुन राजाच्या थडग्यात सापडलेल्या एका अलंकारातील भुंगा याच काचेतून कोरलेला आहे. वाळवंटाने स्वतः घडवलेली ती काच लक्षावधी वर्षे टिकली. माणसाने घडवलेली, चौकटीत बसवलेली पातळ काच मात्र त्याच उन्हात एखाद्या सकाळी अकस्मात तडकते. असे का होते आणि त्यावर कोणते उपाय योजले जातात, याचा परिचय आम्ही या लेखात करून देत आहोत.

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. दुबई, अबू धाबी, दोहा, कुवेत या शहरांतील काचेच्या इमारती उभारणाऱ्या आणि त्यांची निगा राखणाऱ्या हातांमध्ये आपल्याकडील कुटुंबांतील हातही आहेत. शिवाय विदर्भातील ज्या गावांत मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेथेही आता दुकाने, दवाखाने आणि शाळा यांच्या दर्शनी भागांवर काच चढू लागली आहे.

ऊन काचेला कसे फोडते?

काच तापली की प्रसरण पावते. एक मीटर लांबीच्या साध्या काचेचे तापमान 40 अंशांनी वाढले, तर तिची लांबी सुमारे 0.36 मिलिमीटरने वाढते. ही वाढ सर्वत्र सारखी झाली असती तर काही बिघडले नसते. पण ती सारखी होत नाही. काचेचा मधला भाग उन्हात तापतो आणि फैलावू पाहतो. तिच्या कडा मात्र चौकटीच्या खाचेत, सावलीत असल्यामुळे तुलनेने थंड राहतात. मधला भाग कडांना बाहेर ओढतो. काच दाब उत्तम सोसते, ओढ सोसत नाही. कडेवर कापताना राहिलेला बारीकसा खवला असेल तर तेथूनच तडा सुरू होतो.

साधी काच मध्यभाग आणि कडा यांतील सुमारे 40 अंशांचा फरक कसाबसा सहन करते. वाळवंटात हा फरक गाठणे अवघड नाही. कुवेतमधील मित्रिबाह येथे 21 जुलै 2016 रोजी हवेचे तापमान 53.9 अंश सेल्सिअस नोंदले गेले. उन्हात असलेल्या रंगीत काचेचा पृष्ठभाग हवेहूनही कितीतरी अधिक तापतो. त्यात आतून वातानुकूलन यंत्राचा गार झोत, बाहेरून शेजारच्या खांबाची अर्ध्याच काचेवर पडणारी सावली आणि रात्री झपाट्याने उतरणारा पारा. संपूर्ण उन्हातील काचेपेक्षा अर्धी उन्हात व अर्धी सावलीत असलेली काच अधिक धोक्यात असते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

काचेला बळ देण्याची रीत

सतराव्या शतकात युरोपात एक खेळणे फार गाजले होते. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला की त्याला शेपटी असलेल्या अश्रूचा आकार येतो. त्याच्या फुगीर भागावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही. पण शेपटीचे टोक मोडताच सगळा थेंब क्षणात भुगा होतो. 'प्रिन्स रूपर्टचा थेंब' या नावाने तो ओळखला जातो. आजच्या टफन्ड काचेचे सारे गुण आणि सारे अवगुण या थेंबात सामावलेले आहेत.

कारखान्यात काच 620 ते 650 अंशांपर्यंत तापवतात आणि लगेच दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. पृष्ठभाग आधी गोठतो. गाभा मागाहून थंड होऊन आकसू लागतो आणि आकसताना पृष्ठभागाला आत ओढून धरतो. परिणामी पृष्ठभागावर कायमचा दाब आणि गाभ्यात कायमची ओढ साठून राहते. बाहेरून येणाऱ्या ताणाला आधी हा साठलेला दाब संपवावा लागतो. म्हणून अशी काच साध्या काचेच्या चार ते पाचपट बळकट ठरते आणि सुमारे 200 अंशांचा तापमानफरक सोसते. हवेचे झोत सौम्य ठेवले तर दुपटीच्या आसपास बळ असलेली, मध्यम कडक काच मिळते. ती फुटली तर तिचे मोठे तुकडे होतात आणि ते बहुधा चौकटीत अडकून राहतात. पूर्ण टफन्ड काचेचे मात्र बोथट कडांचे लहान लहान खडे होतात आणि ते खाली कोसळतात.

एवढे बळ देऊनही दोन गोष्टी बदलत नाहीत. वाऱ्याच्या दाबाखाली काच जितकी वाकायची तितकीच वाकते. आणि तिच्यावर चरे पडायचे ते पडतातच, कारण वाळूतील गारगोटीचे कण काचेहून कठीण असतात. आखातातील 'शमाल' नावाचा वायव्येकडील वारा धुळीची वादळे घेऊन येतो, तेव्हा बळकट काचही घासली जाते. टफन्ड काच नंतर कापता किंवा छिद्र पाडता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मापे आधीच अचूक घ्यावी लागतात.

बळाच्या पोटात लपलेला दोष

कधी कधी टफन्ड काच काहीही न लागता, आपोआप फुटते. कोणी दगड मारला असेल, असा संशय घेतला जातो. अशा घटनांमागे बहुधा निकेल सल्फाइडचा, डोळ्यांना न दिसणारा एखादा कण असतो. काच तापवताना या कणाची रचना आकसलेली असते आणि झटकन थंड केल्यामुळे ती तशीच अडकून पडते. पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी तो कण आपल्या मूळ रचनेकडे परततो आणि 2 ते 4 टक्क्यांनी फुगतो. तो गाभ्यातील ओढीच्या पट्ट्यात असेल तर रूपर्टच्या थेंबाची शेपटी मोडल्यासारखे होते. उष्णता ही प्रक्रिया जलद करते. म्हणून तापलेल्या प्रदेशात हा दोष दुर्लक्षून चालत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे बसवण्यापूर्वीच काच भट्टीत 260 ते 290 अंशांवर काही तास ठेवणे. सदोष काच भट्टीतच फुटते, माणसांच्या डोक्यावर नाही. याने धोका पुष्कळ घटतो, पूर्णतः नाहीसा होत नाही. म्हणून दुसरा उपाय आवश्यक ठरतो : दोन काचांमध्ये चिवट प्लास्टिकचा पापुद्रा दाबून केलेली लॅमिनेटेड काच. ती फुटली तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. वाळवंटात येथेही सावधगिरी हवी, कारण नेहमीचा पापुद्रा उष्णतेने मऊ पडतो आणि दोन्ही काचांना एकजीव धरून ठेवण्याची त्याची क्षमता घटते. अशा ठिकाणी अधिक ताठ राहणारा पापुद्रा वापरतात.

बळकट म्हणजे थंड नव्हे

काच फुटली नाही, एवढ्याने घर राहण्याजोगे होत नाही. टफन्ड काच साध्या काचेइतकेच ऊन आत सोडते. उष्णता रोखण्यासाठी काचेवर चांदीसारख्या धातूंचे अतिसूक्ष्म लेप देतात आणि दोन काचांमध्ये कोरड्या हवेची अथवा आर्गॉन वायूची पोकळी ठेवतात. पण यातील काही लेप आणि रंग उष्णता शोषून घेतात. काच अधिक तापते, आणि म्हणूनच तिला बळकट करणे अधिकच गरजेचे होते. एक उपाय दुसऱ्या उपायाची गरज निर्माण करतो. कारण आणि कार्य यांची ही साखळी धम्माच्या अभ्यासकांना अपरिचित वाटू नये.

दुबईची बुर्ज खलिफा ही 828 मीटर उंचीची इमारत 4 जानेवारी 2010 रोजी खुली झाली. तिच्या बाह्यांगावर सुमारे 26,000 काचफलक आहेत. आखाती किनाऱ्यावरील दमट रात्री गार काचेवर दव जमते, त्यात धूळ व मीठ मिसळते आणि सकाळच्या उन्हात त्याचा थर वाळून चिकटतो. म्हणून सफाई अखंड करावी लागते. संपूर्ण बाह्यांग एकदा स्वच्छ करण्यास 36 कामगारांना तीन ते चार महिने लागतात, असे सांगितले जाते. अबू धाबीतील अल बहर या जोडमनोऱ्यांनी 2012 मध्ये वेगळी वाट दाखवली. तेथे काचेच्या बाहेर, अरबी जाळीच्या धर्तीवर, सूर्याबरोबर उघडझाप करणाऱ्या छत्र्या बसवल्या आहेत. ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडवावे, हे जुन्या अरबी घरांचे शहाणपण त्यामागे आहे.

काचेचा विचार करताना ती बसवणाऱ्या माणसाला विसरता येणार नाही. काचेला 200 अंशांचा फरक सोसतो. मानवी देह काही अंशांनीच कोसळतो. संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12.30 ते 3 उघड्यावर काम करण्यास बंदी आहे. कतारमध्ये 2021 पासून 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी 3.30 अशी बंदी लागू आहे. तिकडे कामास जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला आणि त्याच्या आईवडिलांना हे नियम ठाऊक असावेत. परदेशात पाऊल ठेवण्यापूर्वी आपला हक्क माहीत असणे, हेही शिक्षणच होय.

थंड वाळवंटातील एक शाळा

वाळवंट उष्णच असते असे नाही. लडाख हे थंड वाळवंट आहे. लेहजवळच्या शे गावी द्रुक पद्मा कार्पो ही बौद्ध परंपरेतील शाळा आहे. 'थ्री इडियट्स' या चित्रपटामुळे पुष्कळांना ती परिचित आहे. तेथील वसतिगृहांत भिंतीपुढे थोडे अंतर सोडून काच बसवली आहे. दिवसा काचेतून आलेले ऊन भिंत शोषून घेते आणि रात्री ती ऊब मुलांच्या खोलीत सोडते. म्हणजे दुबईत जी उष्णता शत्रू, तीच येथे मित्र. या उंचीवर आणखी एक पेच उद्भवतो. सुमारे 3,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. मैदानी प्रदेशात बंद केलेली दुहेरी काच तेथे नेली की आतील हवेने ती फुगते आणि फुटूही शकते. म्हणून अशा प्रदेशासाठी काचेच्या पोकळीत दाब समतोल राखण्याची व्यवस्था आधीच करावी लागते. स्थळ बदलले की नियम तेच राहतात, निर्णय मात्र बदलावे लागतात.

आपल्या घरी, आपल्या शाळेत

घर, विहार किंवा शाळा बांधताना काही गोष्टी कटाक्षाने पाहाव्यात. दार, कठडा आणि लहान मुलांच्या हातापायांशी येणारी प्रत्येक काच सुरक्षा काचच असावी. डोक्यावर येणारी काच नेहमी लॅमिनेटेड घ्यावी. कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत का, हे बोट न लावता नजरेने तपासावे. काच चौकटीच्या धातूला थेट टेकता कामा नये. मध्ये रबराचा आधार आणि प्रसरणासाठी मोकळी जागा हवी. काचेवर आय.एस. 2553 या भारतीय मानकाची खूण आहे का, ते पाहावे. दुकानदार सांगतो म्हणून, शेजाऱ्याने बसवली म्हणून विश्वास ठेवू नये. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश येथेही लागू पडतो. आणि पश्चिमेच्या भिंतीला काच लावण्यापूर्वी तेथे पडवी, छज्जा किंवा एखादे निंबाचे झाड असावे का, याचा विचार आधी करावा.

भिक्खूंनी निवासाचा उपयोग कशासाठी करावा, याविषयी पाली सुत्तांत स्पष्ट चिंतन आहे : थंडी, ऊन, वारा आणि डास-सरपटणारे प्राणी यांपासून रक्षण व्हावे, एवढ्यासाठीच. शोभेसाठी किंवा दिमाखासाठी नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरताना हे कळते. पुढे पडवी, वर भव्य नालाकृती गवाक्ष; प्रकाश स्तूपापर्यंत पोहोचतो, ऊन मात्र उंबऱ्याशीच थांबते. तेथे एकही काच नाही. ज्यांना काच वापरायची आहे त्यांनी ती अवश्य वापरावी. पण प्रकाश हवा आहे की दिमाख, हे आधी ठरवावे. आपल्या शाळेच्या वर्गांत शिकणाऱ्या मुलांपैकी कोणी उद्या अशा इमारतींचे आराखडे काढील, तेव्हा त्या इमारतीत राहणारा आणि तिच्यावर दोरखंडाला लटकून काच पुसणारा, दोघेही त्याच्या डोळ्यांपुढे असावेत, एवढीच आमची मंगल कामना.