लाल द्राक्षाची गोळी : औषध नव्हे, पूरक



लाल द्राक्षाच्या अर्काच्या महागड्या गोळ्या आता शिरूर कासारलाही घरपोच येतात. त्या घेण्याआधी थोडे समजून घ्यावे.

नांगराच्या फाळाला गंज चढतो, तशीच काहीशी झीज शरीरातील पेशींचीही होते. ती रोखणाऱ्या घटकांपैकी एक म्हणजे रेस्व्हेराट्रॉल. बुरशीपासून बचावासाठी द्राक्षवेल तो सालीत तयार करते. नाशिककडे लाल वाइनसाठी द्राक्षे सालीसकट आंबवतात, म्हणून तो वाइनमध्ये उतरतो. पण लिटरमागे थोडे मिलिग्रॅमच. आपल्या शेंगदाण्यातही तो थोडा असतो.

२००६ साली उंदरांवर गुण दिसला आणि गाजावाजा झाला. परंतु इटलीत ७८३ वृद्धांची नऊ वर्षे पाहणी झाली. २०१४ साली निष्कर्ष निघाला, की आहारातून हा घटक जास्त घेणाऱ्यांचा हृदयविकार वा कॅन्सर कमी झाला नाही, आयुष्यही वाढले नाही. म्हणून वाइनही औषध समजून पिऊ नये.

अशा पूरकांच्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे कायद्याने सक्तीचे आहे, ते वाचावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. आणि हिच्या भरवशावर बीपी-शुगरची गोळी तर मुळीच बंद करू नये. उसाच्या बिलाचा पैसा घामाचा आहे. तो आधी तपासणीला लावावा.