सळईचा गंज मोजणारी यंत्रे

काँक्रीटमधली सळई गंजू लागते तेव्हा बाहेरचे प्लास्टर आणि रंग शाबूतच असतो. चांगल्या काँक्रीटचा सामू साडेबाराच्या आसपास असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड किंवा क्लोराइडचे क्षार आत झिरपले की हा थर नाहीसा होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून तडकते. पोपडे त्यानंतर पडतात. नालासोपारा पूर्वेच्या तुळिंजमध्ये अशा गंजाला पोषक असे सगळेच आहे: किनारपट्टीची दमट हवा आहे, पावसाळ्यात साचणारे पाणी आहे, आणि आसपास विनापरवाना उभ्या राहिलेल्या इमारतीही पुष्कळ आहेत.

तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने सक्तीचे आहे. ऑगस्ट २०२५मध्ये विरार पूर्वेच्या विजय नगरमधील रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जणांचा जीव गेला. ती इमारत तिशीच्या जवळपासही नव्हती. निकृष्ट बांधकाम वयाची वाट पाहत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष मोजमापाला पर्याय उरत नाही.

मंजूर नकाशाच नसलेल्या इमारतीत आधी सळया कुठे आहेत हे कव्हर मीटरने शोधावे लागते. मग एका जागी काँक्रीट फोडून सळई उघडी करतात आणि व्होल्टमीटरची एक वायर तिला जोडतात. दुसरी वायर मोरचुदाच्या द्रावणात बुडवलेल्या तांब्याच्या कांडीला असते. द्रावणाच्या नळीचे सच्छिद्र टोक ओल्या केलेल्या खांबावर चौकटीचौकटीने टेकवत आकडे टिपतात. आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेला, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. सळई किती झिजली हे मात्र त्यावरून कळत नाही. काँक्रीटचा कस अल्ट्रासाउंड लहरींच्या वेगावरून जोखतात: सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर उत्तम, तीनच्या खाली संशयास्पद.

या एकवेळच्या चाचण्या झाल्या. कायम बसवलेले सेन्सर बदल टिपतात: झुकमापक खांबाचा कल, तडामापक भेगेची रुंदी, त्वरणमापक कंपने. महाराष्ट्रात याचा ठळक दाखला कोयना धरणाचा. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपात धरणाच्या भिंतीला तडे गेले, आणि धरणातच बसवलेल्या यंत्राने त्या हादऱ्यांची नोंद केली. धरणांच्या भूकंपरोधक अभ्यासात ती नोंद आजही जगभर वापरली जाते.

इमारतीत त्वरणमापकाच्या नोंदींचा उपयोग असा: ताठरपणा घटला की तिची नैसर्गिक कंपनसंख्या उतरते. पण ती उन्हातान्हानेही थोडी बदलते. म्हणून निदान वर्षभराच्या नोंदी हाताशी असल्याशिवाय निष्कर्ष काढणे धाडसाचे. शिवाय कमकुवत काँक्रीटचा खांब फारशी सूचना न देता मोडू शकतो. म्हणून धोकादायक इमारतींच्या वर्गवारीत ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक ठरलेल्या इमारतीत सेन्सर लावून रहिवाशांना ठेवता येत नाही. ती रिकामीच करावी लागते. सेन्सरचा खरा उपयोग ‘सी-२ बी’ गटात, जिथे रहिवासी घरात असतानाच दुरुस्ती चालते. टेकू लावताना, खांब फोडताना कल किंवा भेग वाढू लागली, तर काम तिथेच थांबवता येते.