नव्या शल्यचिकित्सकांचा जम बसताना

गतवर्षीच्या वार्षिक सभेत आमच्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी एक प्रश्न विचारला होता. शस्त्रक्रियागृहाचे नूतनीकरण देणग्यांतून झाले, पूर्णवेळ शल्यचिकित्सकांची नेमणूक झाली, त्यास दोन वर्षे उलटली. मग आठवड्यातील निम्मे दिवस शस्त्रक्रियागृहाचे दिवे बंद का असतात? वेळेअभावी त्या दिवशी या प्रश्नास पुरेसे उत्तर देता आले नाही. प्रश्न रास्त होता आणि तो सभेत बसलेल्या इतर अनेकांच्याही मनात असणार. या लेखात त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. शस्त्रक्रियांची विभागवार आकडेवारी अहवालाच्या अखेरीस तक्त्यात दिलीच आहे. ती का वाढली नाही आणि नंतर का वाढली, हे मात्र तक्त्यातून कळत नाही.

साडेचार वर्षांचा एम.बी.बी.एस. अभ्यासक्रम, एक वर्षाची आंतरवासिता आणि त्यानंतर एम.एस. पदवीसाठी तीन वर्षे, एवढे झाल्यावर तरुण डॉक्टर तिशीच्या उंबरठ्यावर येतो. मोठ्या शासकीय रुग्णालयात त्याने रात्रंदिवस काम केलेले असते. हात तयार असतो. परंतु तेथे रुग्ण येतात ते त्या रुग्णालयाच्या नावावर. आमच्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी तो प्रथमच स्वतःच्या नावावर उभा राहतो, आणि ते नाव कोणालाच ठाऊक नसते. २०२२ च्या पावसाळ्यात आमचे शल्यचिकित्सक रुजू झाले, तेव्हा बाह्यरुग्ण विभागातील त्यांच्या खोलीबाहेरचे बाक बहुधा रिकामेच असे. कधीकधी औषधांच्या रांगेत उभे राहून दमलेले लोक त्यावर येऊन बसत, आणि आम्हांस क्षणभर रुग्ण आल्याचा भास होई.

मग जाहिरात का केली नाही, असे काही हितचिंतकांनी सुचवले. येथे नियम स्पष्ट आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांस रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करता येत नाही. व्यवसाय सुरू केल्याची, पत्ता बदलल्याची वा काही काळ बाहेरगावी जाऊन परत आल्याची औपचारिक सूचना वृत्तपत्रात देता येते, तेवढीच. ती सूचना आम्ही दिली. ती वाचून आलेले रुग्ण एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

शस्त्रक्रियेसाठी रुग्ण कोणाच्या सांगण्यावरून येतो, याचा शोध आम्ही नोंदवहीतून घेतला. बहुतेकांच्या हाती गावच्या फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी होती. त्या डॉक्टरांचा व रुग्णाच्या घराचा संबंध दोन-दोन पिढ्यांचा असतो. शस्त्रक्रिया बिघडली, तर रुग्णाचे नातेवाईक शल्यचिकित्सकास नव्हे, तर आधी त्यांना जाब विचारतात. अशा स्थितीत ते अनोळखी तरुणाकडे आपला रुग्ण का सोपवतील? हा अविश्वास नसून जबाबदारीची जाणीव आहे, हे उमजायला आम्हांस काही महिने लागले.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी आमचे शल्यचिकित्सक आसपासच्या गावांतील डॉक्टरांस भेटू लागले. पहिल्या काही फेऱ्यांना आम्हीही सोबत होतो. चहा होई, पावसापाण्याच्या गप्पा होत आणि निघताना, ‘काही असले तर पाठवू,’ एवढे आश्वासन मिळे. खरा उपयोग भेटीपेक्षा उत्तराच्या चिठ्ठीचा झाला. पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाबरोबर, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, काय आढळले, काय केले, टाके कधी काढायचे, कोणती लक्षणे दिसल्यास त्वरित परत पाठवायचे, हे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले पत्र मूळ डॉक्टरांकडे जाऊ लागले. टाके काढण्याचे काम शक्य तेथे त्यांच्याकडेच सोपवले. बसभाडे व एका दिवसाचा रोज वाचल्याने रुग्णही सुखावले. एका वयोवृद्ध डॉक्टरांनी सांगितले, की त्यांच्या चाळीस वर्षांच्या व्यवसायात मोठ्या रुग्णालयाकडून आलेले असे पत्र त्यांनी क्वचितच पाहिले होते.

आरंभी जे रुग्ण आले, ते इतरांना नकोसे असलेले. मधुमेहामुळे पायाला चिघळलेली जखम, बसता न येणारे गळू, रात्री दोन वाजता दुखू लागलेले पोट. मधुमेही पायाच्या रुग्णाचे काम चिकाटीचे असते, दुर्गंधी असते, मिळकत नाममात्र असते आणि ड्रेसिंग आठवडेच्या आठवडे चालते. पण ज्याचा पाय वाचतो तो गावभर चालत फिरतो. त्याहून बोलकी सूचना कोणत्या वृत्तपत्रात छापून येणार? रात्रीचा दूरध्वनी पहिल्या घंटेलाच उचलायचा, हा नियमही डॉक्टरांनी स्वतःच घालून घेतला होता.

याच काळात एक अडचणीचा विषय पुढे आला. रुग्ण पाठवणाऱ्यास बिलातील हिस्सा द्यावा, असे आम्हांस एकाहून अधिक ठिकाणी आडवळणाने सुचवण्यात आले. यालाच बोलीत ‘कट’ म्हणतात. उपरोक्त आचारसंहितेत त्यास स्पष्ट मनाई आहे. महाराष्ट्रात २०१७ साली याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. तो कायदा मात्र होऊ शकला नाही. विश्वस्त मंडळाने एकमताने नकार दिला. त्या नकाराची किंमत आकड्यांत मोजता येते, कारण काही गावांतून येणारे रुग्ण त्यानंतर थांबले ते थांबलेच. हिस्सा शेवटी रुग्णाच्याच बिलातून जातो, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजावे.

पहिले वर्ष संपता संपता तूट डोळ्यांत भरू लागली. शस्त्रक्रियागृहाचा खर्च टेबलावर रुग्ण असो वा नसो चालूच राहतो. परिचारिकांचे वेतन, भूलयंत्राची देखभाल, वीज, प्राणवायूची व्यवस्था यांपैकी काहीच थांबत नाही. कायम निधीच्या व्याजातून किती काळ भरपाई करावी, असा प्रश्न विश्वस्तांपुढे होता. डॉक्टरांचे ठरावीक वेतन बंद करून प्रत्येक शस्त्रक्रियेमागे मानधन द्यावे, असा प्रस्ताव मंडळापुढे आला. तो प्रस्ताव आमच्याच कार्यालयाने तयार केला होता, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

त्याच आठवड्यात कावीळ झालेले एक शेतकरी तपासणीसाठी आले. सोनोग्राफी व सी.टी. स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या मुखाशी गाठ आढळली. शस्त्रक्रिया मोठी, बिलही मोठे. आणि नातेवाईक ‘येथेच करा’ म्हणत हात जोडून उभे. डॉक्टरांनी त्यांना मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात पाठवले. विश्वस्तांच्या बैठकीत त्यांना कारण विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातील आकडे पुढे ठेवले. ज्या रुग्णालयांत स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया अगदी कमी होतात, तेथे मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के होते. जेथे त्या फार मोठ्या संख्येने होतात, तेथे ३.८ टक्के. “मला शस्त्रक्रियेमागे पैसे मिळत असते, तरी मी त्यांना पाठवलेच असते, असे मी म्हणेन,” ते म्हणाले, “पण तुम्हांला ते कधीच खात्रीने कळले नसते.” प्रस्ताव मागे घेण्यात आला. त्या शेतकऱ्यांवर मुंबईस शस्त्रक्रिया झाली, ते घरी परतले, वर्षभराने आजार उलटला आणि ते निवर्तले. पुढे त्यांच्या पत्नीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया आमच्याकडे झाली. त्यांच्या गावच्या डॉक्टरांनी तोवर आमच्याकडे एकही रुग्ण धाडला नव्हता. आज सर्वाधिक चिठ्ठ्या त्यांच्याच असतात.

दुसऱ्या वर्षी काम वाढले आणि वाढत्या कामाने आमचे उणेपण उघडे पाडले. एकाच महिन्यात हर्नियाच्या दोन रुग्णांच्या जखमेत पू झाला. हर्नियात जाळी बसवलेली असल्याने असा जंतुसंसर्ग गंभीर मानला जातो. डॉक्टरांनी तातडीच्या वगळता सर्व शस्त्रक्रिया थांबवल्या. कारण शोधता ऑटोक्लेव्हच्या दाराचे रबर झिजल्याचे आढळले. ते बदलण्याची मागणी परिचारिकांनी लेखी दिली होती; ती कार्यालयात खर्चाच्या मंजुरीसाठी पडून होती. दोन्ही रुग्ण बरे झाले. त्यांच्या वाढीव उपचाराचा खर्च रुग्णालयाने सोसला आणि जंतुनिर्मूलनाशी संबंधित कोणतीही दुरुस्ती मंजुरीवाचून करण्याचा अधिकार शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिकांस देण्यात आला. आम्ही वाचवलेली रक्कम एका रात्रीच्या खाटभाड्याहूनही कमी होती.

ऐनवेळी रद्द होणाऱ्या शस्त्रक्रिया ही दुसरी डोकेदुखी होती. रुग्ण सकाळी सहाला चहा पिऊन येई, किंवा रक्तातील साखर वाढलेली आढळे, किंवा रक्ताची पिशवी आलेली नसे. भूलतज्ज्ञ शहरातून येऊन हात हलवत परत जात. आता भूलपूर्व तपासणी शस्त्रक्रियेच्या किमान दोन दिवस आधी होते आणि आदल्या संध्याकाळी आमच्या परिचारिका रुग्णास दूरध्वनी करून काय खावे-प्यावे व केव्हा थांबावे हे सांगतात. शस्त्रक्रियागृहात जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी यादी मोठ्याने वाचली जाते. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, अॅलर्जी आहे का, शेवटी बोळे व सुया पुऱ्या भरल्या का, असे हे साधे प्रश्न आहेत. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत या यादीचा वापर सुरू झाल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर व गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले होते. आरंभी काही ज्येष्ठ मानद डॉक्टरांस हे वाचन पोरकट वाटले. आता तेच यादी वाचल्याशिवाय हात पुढे करीत नाहीत.

दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांविषयी रुग्णांच्या कुटुंबीयांस थोडे सांगणे आवश्यक वाटते. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी केली. आज ती सर्वत्र होते. तरी क्वचित पित्तनलिका स्पष्ट दिसत नाही, आणि अशा वेळी पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करणे हेच सुरक्षित असते. त्यास ‘शस्त्रक्रिया फसली’ असे समजू नये. आमच्या डॉक्टरांनी आपल्या पहिल्या काही शस्त्रक्रियांच्या वेळी एका अनुभवी मानद शल्यचिकित्सकांस शेजारी उभे केले होते. हा दंडक सशुल्क खोलीतील रुग्णास व मोफत खाटेवरील रुग्णास सारखाच लागू होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात, तसेच बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. त्या खाटा नवशिक्या हातांच्या सरावासाठी नाहीत, असे डॉक्टरांनी रुजू होतानाच बजावले होते. हर्नियाची जाळी महाग पडते म्हणून शेतमजूर वर्षानुवर्षे पट्टा बांधून काम करतात, हे आम्ही पाहत आलो आहोत. दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छरदाणीच्या स्वस्त कापडाच्या जाळीचे अनुभव २००३ साली प्रसिद्ध केले, ते याच अडचणीतून. आमच्याकडे जाळीचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून होतो आणि त्यामुळे दुखणे अंगावर काढणारे कितीतरी लोक आता वेळेवर येतात.

आज मंगळवार, बुधवार व शुक्रवार असे तीन दिवस शस्त्रक्रियांची यादी सकाळी आठ वाजता सुरू होते. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णांस थांबावे लागते आणि आता तक्रारी येतात त्या याच्या. चौथा दिवस सुरू करायचा तर पूर्णवेळ भूलतज्ज्ञ हवेत. बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञांच्या सोयीने यादी बांधण्याला मर्यादा आहे. या पदासाठी पहिल्या दोन वर्षांच्या वेतनाची तरतूद विश्वस्त मंडळाने पुढील अंदाजपत्रकात प्रस्तावित केली असून, तिचा तपशील या अहवालाच्या जमाखर्च विभागात दिला आहे. या वेळी वेतन पहिल्या दिवसापासून ठरावीक ठेवले आहे.