राखीव यष्टिरक्षक

क्रिकेटच्या संघात सलामीचे फलंदाज दोन असतात, गोलंदाज चार-पाच असतात. यष्टिरक्षक मात्र एकच. त्यामुळे दौऱ्यावर नेलेल्या दुसऱ्या यष्टिरक्षकाची स्थिती मोठी विलक्षण होते. एखाद्या गोलंदाजाचा मारा बोथट ठरला की दुसऱ्याला संधी मिळते. पण पहिला यष्टिरक्षक जायबंदी झाल्याखेरीज किंवा त्याचा खेळ पार बिघडल्याखेरीज या गृहस्थाची पाळी येत नाही. सहकाऱ्याचे अनिष्ट चिंतावयाचे नाही, आणि तयारी मात्र उद्याच खेळावयाचे आहे अशी ठेवावयाची, हे त्याचे व्रत.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या पाठीमागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा ‘कॅचर’ हा आपल्या यष्टिरक्षकाचाच भाऊबंद. तेथील प्रमुख व्यावसायिक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतात. इतके उठणे-बसणे एका माणसाच्या गुडघ्यांना झेपत नाही. म्हणून राखीव कॅचरला अधूनमधून पाळी मिळतेच. कसोटी क्रिकेटमध्ये तशी सोय नाही.

आपल्याकडील उदाहरण द्यावयाचे तर मुंबईच्या चंद्रकांत पंडितांचे देता येईल. १९८६ साली इंग्लंडमध्ये लीड्स येथे त्यांनी कसोटीत पदार्पण केले, ते फलंदाज म्हणून. यष्ट्यांमागे उभे होते बडोद्याचे किरण मोरे. मोरे एकंदर ४९ कसोटी सामने खेळले. पंडितांच्या वाट्याला १९९२ पर्यंत आले अवघे ५. गुण नव्हते असे नव्हे. जागा एकच होती.

परंतु श्रोतेहो, हिशेब येथे संपत नाही. पुढे पंडित मध्य प्रदेशाकडून खेळले. १९९९ साली बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांच्या नेतृत्वाखालील संघ कर्नाटकाकडून हरला. नंतर ते प्रशिक्षक झाले. मुंबईला त्यांनी करंडक मिळवून दिला. ज्या विदर्भाने तो कधी जिंकला नव्हता, त्याला २०१७-१८ व २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा मिळवून दिला. आणि २०२२ साली त्याच चिन्नास्वामी मैदानावर मुंबईला हरवून मध्य प्रदेशाने पहिला करंडक उचलला, तेव्हा त्याचे प्रशिक्षक पंडितच होते.

बाहेर बसलेल्या माणसाला खेळ सबंध दिसतो. मात्र तो पाहण्यासाठी मनात कडवटपणा साठू देता कामा नये. प्रत्येक शाळेत, कचेरीत, नाटकमंडळीत असा एक दुसरा माणूस असतो. त्याची पाळी येवो वा न येवो, त्याच्या तयारीवरच पहिल्याचा निर्धास्तपणा उभा असतो, एवढे आपण ओळखले पाहिजे.