हिल्डा नावाची मेंढी

अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया राज्यात लँकेस्टर येथे जनावरांचा फार मोठा बाजार भरत असे. ऑगस्ट १९८६ मध्ये या बाजाराच्या मागच्या बाजूला एक तरुण जोडपे फोटो काढीत हिंडत होते. जीन आणि लॉरी बॉस्टन त्यांची नावे. (जीन पुढे बाउर हे मूळ आडनाव लावू लागले.) वाहतुकीत दगावलेली जनावरे जिथे फेकली जात, त्या उघड्या ढिगाजवळ ते आले. ऑगस्टचे ऊन, किडे, असह्य दुर्गंधी. आणि त्या कलेवरांमध्ये पडलेल्या एका मेंढीने मान उचलून त्यांच्याकडे पाहिले.

त्यांनी तिला गाडीत घालून पशुवैद्याकडे नेले. ती वाचणार नाही, निदान तिचे हाल तरी थांबतील, एवढीच अपेक्षा होती. पण उपचार सुरू होताच ती थोड्या वेळात उठून उभी राहिली. तिला कोणताही मोठा रोग नव्हता. उन्हात, खच्चून भरलेल्या ट्रकमधून आणल्यामुळे ती कोसळली होती आणि जिवंत असतानाच मेलेल्यांत जमा झाली होती. संबंधितांवर खटला व्हावा असा प्रयत्न झाला. पण ही तर या धंद्यातली नेहमीची रीत आहे, असे सांगण्यात आले. तिचे नाव हिल्डा ठेवले गेले. ती पुढे दहा वर्षांहून अधिक काळ जगली.

मेलेल्या जनावरांचा ढीग म्हटला की आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना वेगळेच काही आठवेल. गावातले मेलेले ढोर ओढणे हे ज्यांच्या माथी मारले होते, त्यांची आपण लेकरे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, ते माणूसपण परत मिळविण्यासाठी. तेव्हा जनावरांवरील दयेची गोष्ट ऐकताना ‘आणि माणसाचे काय?’ हा प्रश्न आपल्या मनात आधी उभा राहतो, आणि तो राहिलाच पाहिजे. तरीही बॉस्टन दांपत्याने पुढे जे उभे केले ते समजून घेण्यासारखे आहे.

त्यांच्यापाशी भांडवल नव्हते. एका जुन्या व्हॅनमधून ते ‘ग्रेटफुल डेड’ या प्रसिद्ध वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांना जात आणि बाहेर मांसविरहित हॉट डॉग विकत. त्या पैशांतून ‘फार्म सँक्चुअरी’ ही संस्था सुरू झाली. आरंभी जनावरे सोयाबीनचे टोफू तयार करणाऱ्या एका शेतावर ठेवली होती. नंतर न्यूयॉर्क राज्यात वॉटकिन्स ग्लेन गावाजवळ पावणेदोनशे एकर जमीन मिळाली आणि खऱ्या अर्थाने आश्रयस्थान उभे राहिले. पुढे लॉरी वेगळ्या झाल्या आणि त्यांनी कॅलिफोर्नियात ॲक्टन येथे स्वतःचे केंद्र काढले. २०११ मध्ये तेही फार्म सँक्चुअरीकडे आले.

मी वाणिज्य शाखेचा आणि पेशाने कारकून. कोणतीही संस्था पाहिली की माझे लक्ष आधी जमा-खर्चाकडे जाते. आश्रयस्थान ही हिशेबाच्या दृष्टीने अजब गोष्ट आहे. शेतकऱ्याचे जनावर काही ना काही जमेला घालते. इथले प्रत्येक जनावर म्हणजे निव्वळ खर्च, आणि तोही वर्षानुवर्षांचा. मांसासाठी पाळलेले डुक्कर साधारण सहा महिन्यांत कापले जाते. सांभाळले तर ते पंधरा वर्षे जगू शकते. गाय वीस वर्षे जगते, पण दुग्धव्यवसायात पाच-सहा वर्षांतच तिची रवानगी होते. म्हणजे एक गाय घरात घेताना पुढील पंधरा वर्षांचे सुके गवत, पेंढा, औषधपाणी आणि मजुरी यांची जबाबदारी घेतली जाते. त्यात विक्री नाही आणि वीणही नाही. नर खच्ची केले जातात, कारण आत एक पिल्लू जन्मले की बाहेरच्या एका जनावराची जागा गेली.

आणि ही जनावरे साधी राहिलेली नाहीत. माणसाने निवड करकरून त्यांची शरीरे बदलून टाकली आहेत. मांसाची कोंबडी सहा-सात आठवड्यांत कापण्यासाठी घडवलेली असते. ती त्यापुढे जगली तर वजन पायांना पेलत नाही, हृदय थकते. म्हणून आश्रयस्थानात तिला मोजून-मापून खाऊ घालावे लागते. भुकेल्या कोंबडीला दाणे कमी टाकणे हेच तिथे प्रेम! अंड्याच्या कोंबडीची व्यथा निराळी. तिची रानातली पूर्वज वर्षाला पंधरा-वीस अंडी देई. ही तीनशेच्या आसपास देते. कवचाचे कॅल्शियम तिच्या हाडांतून जाते. मग तिचीच अंडी कवचासकट तिला परत खाऊ घालतात, किंवा अंडी थांबविणारे औषध त्वचेखाली बसवितात. मेंढीची लोकर आपोआप गळत नाही, दरवर्षी कातरावी लागते. खूर छाटावे लागतात. वजनदार डुकरांना संधिवात होतो. त्यांना जाड पेंढ्याचे अंथरूण लागते आणि उन्हाळ्यात कातडी भाजू नये म्हणून चिखल. मोठे दुखणे आले तर जवळच कॉर्नेल विद्यापीठाचे पशुरुग्णालय आहे.

अशा कामात सर्वांत कठीण शब्द ‘नाही’ हा असतो. दयेच्या भरात क्षमतेबाहेर जनावरे घेतली, की वैरण कमी पडते, रोग पसरतो आणि आश्रयस्थानच कोंडवाडा होते. अनेक भल्या माणसांचे असे झाले आहे. म्हणून फार्म सँक्चुअरीने जनावरे सांभाळण्यास तयार असलेल्या कुटुंबांचे जाळे उभारले आहे. या कुटुंबांची आधी चौकशी होते, मगच जनावर दिले जाते.

पण कितीही जागा वाढवली तरी गणित जुळत नाही. एकट्या अमेरिकेत वर्षाला नऊ अब्जांच्या आसपास कोंबड्या कापल्या जातात. आश्रयस्थानात काहीशे जनावरे. मग उपयोग काय? उपयोग शिक्षणाचा. फेरीला येणारी शहरी मुले डुकराला पहिल्यांदा हात लावतात. त्याला नाव आहे, हाक मारली की ते येते, पोट खाजवले की आडवे होते, हे पाहतात. प्राणी म्हणजे पाकिटातला माल नव्हे, हे त्यांना भाषणाविना समजते. हा विचार नवा नाही. बोस्टनचे जॉर्ज एंजेल यांनी १८८२ मध्ये मुलांची ‘दयेची पथके’ सुरू केली होती. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण कायद्यात तर प्राथमिक शाळेत प्राण्यांशी दयेने वागण्याचे शिक्षण देण्याची तरतूदच आहे.

मात्र या शिक्षणात माणूस सुटता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ३ सप्टेंबर १९९१ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील हॅम्लेट गावी कोंबडी प्रक्रिया कारखान्याला आग लागली. २५ कामगार मेले, त्यात बहुतेक स्त्रिया. कोंबडीची चोरी होऊ नये म्हणून दारांना कुलपे होती. अकरा वर्षांत त्या कारखान्याची सुरक्षा-तपासणी एकदाही झाली नव्हती. कोंबडीला जीव न मानणारी व्यवस्था ती कापणाऱ्या बाईलाही जीव मानीत नाही. तथागतांच्या कूटदंत सुत्तात ज्या आदर्श यज्ञाचे वर्णन आहे, त्यात बैल, शेळ्या, डुकरे, कोंबड्या मारल्या गेल्या नाहीत, आणि दास व मजूर यांना दंडुक्याच्या भीतीने रडत राबावे लागले नाही. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सांगितल्या आहेत, हे लक्षात घ्यावे.

कायद्याच्या आघाडीवरही थोडे यश मिळाले. गाभण डुकरिणींना सुमारे दोन फूट रुंद व सात फूट लांब लोखंडी चौकटीत कोंडण्याची पद्धत होती. तिला तिथे मागे वळताही येत नाही. फ्लोरिडाच्या मतदारांनी २००२ मध्ये ही पद्धत बंद केली. कॅलिफोर्नियाने २००८ आणि २०१८ मध्ये मतदान करून आणखी पुढची पावले टाकली. डुकराचे मांस विकणाऱ्या उद्योगाने त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये फेटाळले. पण कत्तलीपूर्वी जनावर बेशुद्ध करावे, हा १९५८ चा कायदा कोंबड्या व टर्की यांना आजही लागू केला जात नाही.

आपल्याकडे पांजरपोळ जुने आहेत. मुंबईचा तर १८३४ चा. पण आपल्याकडील दयेला बहुधा एकच जनावर दिसते आणि ती दया माणसावर काठी उगारते. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आपल्या बांधवांना बांधून फटके मारण्यात आले. याला करुणा म्हणायचे काय? १९७६ च्या दुरुस्तीने संविधानात आलेल्या कलम ५१-क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. तिथे कोणत्या एका जनावराचे नाव नाही. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवरील दयेची प्रतिज्ञा आहे, आणि ती समतेच्या प्रतिज्ञेसोबतच घ्यायची आहे. आमच्या वस्तीतल्या बालवर्गात मी हिल्डाची गोष्ट सांगतो तेव्हा मुले हमखास विचारतात, “ट्रकवाल्याला शिक्षा झाली का?” मग कायदा म्हणजे काय, तो कोण करतो, हे सांगण्याची वाट मोकळी होते. ‘मटण खावे की नाही?’ असेही एखादा विचारतो. मी त्याला घरी आईला विचारायला सांगत नाही. जनावर कुठून येते, कोण कापते, त्याला काय मजुरी मिळते, हे आधी शोधून आण, असे सांगतो.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी कृतज्ञतेचा सण असतो आणि घरोघर ताटात टर्की पक्षी असतो. वॉटकिन्स ग्लेनला मात्र या सणाच्या सुमारास उलटी पंगत भरते. अंगणात कापड अंथरून त्यावर लाल भोपळ्याचे गोड पदार्थ, क्रॅनबेरीची आंबट फळे आणि पालेभाज्या मांडतात. टर्की आधी जेवतात, मुले भोवती उभी राहून पाहतात, आणि माणसांची पाने त्यानंतर वाढली जातात.